बेलरमागची घरगुती हिच पुन्हा पुन्हा तुटते? वेल्डिंगला दोष देण्याआधी हे बघा

गव्हाच्या शेतातून कंबाईन बाहेर पडलं की मागोमाग काडाचे गठ्ठे बांधणारा बेलर आत शिरतो, आणि आठवडाभरात आमच्या प्रवरा पट्ट्यातल्या वर्कशॉपांत एकच तक्रार फिरायला लागते. बेलरच्या मागे ट्रॉली ओढायला हिच, म्हणजे ट्रॉली अडकवायचं जोडकाम, बनवली होती, ती तुटली. वेल्ड मारलं, परत तुटली. दहा मिलिमीटरची प्लेट काढून बाराची टाकली, तर प्लेट शाबूत राहिली आणि बेलरचा पत्राच फाटला. आता सोळाची टाकू का?

टाकू नका. जाडी वाढवून हे दुखणं बरं होत नाही, फक्त जागा बदलतं.

हा खटाटोप लोक का करतात ते आधी सांगतो, कारण उद्देश चुकीचा नाही. छोटा चौकोनी बेलर गठ्ठे बांधून शेतातच टाकत जातो. ते गोळा करायला वेगळा ट्रॅक्टर, वेगळी ट्रॉली आणि चार माणसं लागतात. एप्रिलमध्ये माणूस मिळत नाही आणि आभाळ कधी भरून येईल सांगता येत नाही. गव्हांडा, म्हणजे गव्हाचं काड, एकदा भिजला की गोठ्यात त्याला कोणी हुंगत नाही. म्हणून बेलरलाच मागे ट्रॉली जोडायची, गठ्ठा जिथून बाहेर येतो त्या चेंबरच्या तोंडाला पत्र्याची घसरण लावायची आणि गठ्ठा सरकत थेट ट्रॉलीत. अमेरिकेत छोट्या बेलरमागे चार चाकी गाडा जोडणं ही जुनी रीत आहे आणि तिकडे बऱ्याच मॉडेलना त्यासाठी हिच आणि घसरण पर्याय म्हणून मिळतात. तेव्हा आधी आपल्या डीलरला विचारा. तुमच्या मॉडेलला कंपनीची हिच मिळत असेल तर खालचं सगळं वाचायची गरज नाही. मिळत नसेल तर पुढे चला.

ओढ नेमकी कुठून जाते

आपल्याकडे गोंधळ होतो तो उसाच्या डबल ट्रॉलीमुळे. पहिल्या ट्रॉलीच्या मागे हुक, त्यात दुसरी ट्रॉली, आणि हे जोडकाम कारखान्याच्या गेटपर्यंत टनावारी ऊस घेऊन जातं. फॅब्रिकेटरला तेच डिझाइन तोंडपाठ असतं. बेलर आला की तो बेलरला पहिली ट्रॉली समजतो आणि मागच्या टोकाला तसाच हुक चिकटवतो.

पण ट्रॉलीला चेसी असते. पुढच्या दांड्यापासून मागच्या हुकापर्यंत दोन चॅनेल सलग गेलेले असतात, त्यामुळे मागची ओढ थेट पुढे पोचते. बेलरला मागच्या बाजूला चेसी नाहीच. त्याची फ्रेम एक्सलच्या आसपास संपते. एक्सलच्या मागे जे लांबलचक दिसतं ते गठ्ठ्याचं चेंबर आहे, म्हणजे पत्र्याची आणि अँगलची पेटी. तिचं काम गठ्ठा दाबून धरणं. ट्रॉली ओढायला ती बनवलेली नाही. शिवाय चेंबरच्या अगदी मागच्या भागात दाब कमी-जास्त करायच्या पट्ट्या असतात, त्या स्प्रिंगवर आत-बाहेर हलतात. म्हणजे तो भाग मुद्दाम हलता ठेवलेला आहे. त्यावर तुम्ही आडवी प्लेट वेल्ड केली की जे हलायला हवं ते बांधलं गेलं आणि जे ओढायला नको होतं त्याला ओढायला लावलं.

आता यात प्लंजर मिळवा, म्हणजे चेंबरमध्ये काड दाबणारा, पुढे-मागे धावणारा दट्ट्या. छोट्या चौकोनी बेलरचा प्लंजर मिनिटाला साधारण 80 ते 100 ठोके मारतो. 90 धरा. तासाला 5,400. आठ तासांच्या दिवसात 43,200. दोन आठवडे रोज काम केलं तर सहा लाखांच्या वर. प्रत्येक ठोक्याला पूर्ण मशीन पुढे-मागे हिसकतं आणि मागे ट्रॉली जोडलेली असेल तर तिचं वजन त्या हिसक्याला उलट झटका देतं. लोखंड एका मोठ्या ओझ्याने तुटतं ही आपली समजूत असते. इथे ते छोट्या छोट्या लाखो हिसक्यांनी थकून तुटतं. म्हणूनच "ट्रॉली तर अर्धीच भरली होती" हे वाक्य प्रत्येक जण सांगतो आणि ते खरं असतं.

तुटलेला तुकडा भंगारात टाकू नका

तुकडा हातात घ्या, डिझेलने पुसा आणि उजेडात धरून बघा. अर्धं निदान तिथेच होतं.

चीर वेल्डच्या काठाला लागून, बेलरच्या पत्र्यात गेलेली असेल आणि वेल्ड स्वतः धड असेल, तर वेल्डरला शिव्या देऊ नका. ओढ चुकीच्या जागी उतरते आहे. सगळ्यांत जास्त केसेस याच असतात.

चीर वेल्डच्या मधोमध गेली असेल, आणि वेल्ड पोपड्यासारखं एका बाजूने सुटून आलं असेल, तर मात्र काम कच्चं आहे. गावात दुपारी व्होल्टेज पडतं, साध्या ट्रान्सफॉर्मरवर करंट मिळत नाही, रॉड वरवर वितळतो आणि खालचं लोखंड थंडच राहतं. वरून वेल्डची रेघ सुंदर दिसते. खाली काही पकडलेलं नसतं.

प्लेट काचेसारखी एका दमात तुटली असेल, तुटलेला भाग दाणेदार आणि चकाकता असेल, कुठेही वाकल्याची खूण नसेल, तर विचारा की ही प्लेट कुठून आणली. नव्वद टक्के उत्तर येतं: ट्रकचा जुना पाटा. पाट्याचं लोखंड मजबूत असतं यात वाद नाही, पण त्यात कार्बन जास्त असतो. त्याला साधं वेल्ड मारलं की वेल्डशेजारचा भाग कडक आणि ठिसूळ होतो. साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, आधी वाकतं, मग तुटतं, म्हणजे तुम्हाला इशारा मिळतो. वेल्ड केलेला पाटा इशारा देत नाही. हिचमध्ये पाटा वेल्ड करून वापरू नका, कितीही जाड आणि फुकट असला तरी.

बोल्ट तुटला असेल तर त्याचं तुटलेलं तोंड बघा. एक भाग काळपट, गंजलेला, गुळगुळीत आणि उरलेला ताजा, चमकदार असेल तर तो बोल्ट त्या दिवशी तुटलेला नाही. चीर आधीपासून होती, गंज चढत होता, शेवटी उरलेला भाग एका झटक्यात गेला. असा बोल्ट जवळपास नेहमी सैल पडलेला असतो. घट्ट बोल्टमध्ये प्लेटा एकमेकींना घर्षणाने धरतात, सैल बोल्ट एकटा मार खातो.

आणि एक लक्षण असं, की जे हिचशी कोणी जोडतच नाही. हिच लावल्यापासून गठ्ठे एका बाजूला वाकडे येतात, गठ्ठ्याच्या कडेला काडाच्या शेपट्या लोंबतात किंवा गाठी सुटायला लागतात. लोक नॉटर, म्हणजे गाठ मारणारी यंत्रणा, उघडतात, सुतळी बदलतात. अहो, चेंबर पिळतंय. प्लंजरवरची सुरी आणि चेंबरची स्थिर सुरी यांच्यातली फट मिलिमीटरच्या आसपास ठेवलेली असते. मागून ट्रॉलीने चेंबर तिरकं ओढलं की ती फट एका टोकाला उघडते आणि काड कापलं जाण्याऐवजी चेपलं जातं. ट्रॉली सोडून पाच-दहा गठ्ठे बांधून बघा. ते सरळ आले तर नॉटरला हात लावू नका.

उभा भार, ज्याचा हिशोब कोणी करत नाही

ओढ एक गोष्ट, आणि वरून पडणारं वजन दुसरी. आपली दोन चाकी ट्रॉली स्वतःच्या तोलावर उभी राहत नाही, दांड्यावर वजन टाकते. गठ्ठे पुढून रचत गेलात तर ते आणखी वाढतं.

समजा दांड्यावर 300 किलो आले. हिच बेलरच्या एक्सलच्या मागे सव्वादोन मीटरवर आहे आणि ट्रॅक्टरची पिन एक्सलच्या पुढे पावणेतीन मीटरवर. एक्सल मधला टेकू झाला. मागचे 300 किलो पुढचं टोक जवळजवळ 245 किलोने वर उचलणार. आता बेलरचा पुढचा दांडा ट्रॅक्टरवर मुळात किती वजन टाकतो ते मोजा. धान्याचा काटा बेलरच्या जॅकखाली ठेवला की लगेच कळतं. ते वजन 245 पेक्षा कमी निघालं तर दांडा ट्रॅक्टरच्या ड्रॉबारला, म्हणजे मागच्या ओढायच्या पट्टीला, वर उचलतोय, दाबत नाही. शेतात याचा आवाज येतो: दर खड्ड्याला पिन खडखडते. पिन आणि भोक दोन्ही झिजतात ते याच खडखडाटाने.

खरा धोका संध्याकाळी असतो. माणूस थकलेला, ट्रॉली भरलेली, आणि तो आधी ट्रॅक्टरची पिन उपसतो. दांडा जमिनीवर टेकायच्या ऐवजी वर उडतो. हनुवटी तिथेच असते. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी ट्रॉली सोडायची, मग बेलर.

उपाय सोपा आहे. बेलरमागे दोन चाकी ट्रॉली जोडूच नका. पुढच्या चाकांना टर्नटेबल (दांड्याबरोबर वळणारी फिरती बैठक) असलेली चार चाकी ट्रॉली घ्या. तिचा दांडा बिजागरीवर वर-खाली होतो, त्यामुळे हिचवर फक्त दांड्याचं स्वतःचं वजन येतं आणि उभ्या भाराचा प्रश्नच मिटतो. दोन चाकीच आहे, दुसरी मिळणारच नाही, असं असेल तर गठ्ठे एक्सलच्या मागे-पुढे समतोल रचा आणि थर कमी ठेवा. पण माझं मत विचाराल तर तेवढ्यासाठी हिच बनवायचा खर्चही करू नये.

मग हिच बनवायची कशी

तत्त्व एकच: मागची ओढ चेंबरला न शिवता एक्सलपर्यंत किंवा मुख्य फ्रेमपर्यंत पोचली पाहिजे. त्यासाठी हिचपासून पुढे जाणारा एक लांब बीम लागतो. हुक लहान काम आहे, बीम हे खरं काम आहे.

बीमला उघडा चॅनेल वापरू नका. ट्रॉली तिरकी झाली की हिचला पीळ पडतो आणि उघडा चॅनेल पिळाला फार कमकुवत असतो. पुठ्ठ्याची नळी हाताने पिळून बघा, मग तीच उभी चिरून पिळा, फरक लगेच कळेल. 80 × 80 मिमीचा, निदान 5 मिमी जाडीचा चौकोनी पाईप घ्या. तो मिळत नसेल तर 75 × 40 चे दोन चॅनेल तोंडाला तोंड लावून जोडा, 75 × 80 ची बंद पेटी तयार होते. वेल्ड सलग मारत सुटलात तर बीम केळ्यासारखा वाकतो. दोन्ही बाजूंनी टप्प्याटप्प्याने, आलटून पालटून मारा आणि थंड होऊ द्या.

बीम चेंबरच्या खालून मधोमध न्यायचा मोह सगळ्यांना होतो, कारण सरळ रेषा तीच दिसते. तिथेच मोठा घोळ आहे. चेंबरच्या खाली सुया असतात. गाठ मारायच्या वेळी सुयांचा जू, म्हणजे सुया धरणारी चौकट, खालून झुलून वर येतो, सुया चेंबरमधून आरपार जातात आणि परत खाली उतरतात. त्यांच्या झोक्यात बीम आला तर पहिल्याच गाठीला सुई बीमवर आपटणार. सुदैव असेल तर मशीन वाचवायला मुद्दाम कच्चा ठेवलेला शिअर बोल्ट तुटेल, नाहीतर सुई वाकेल, आणि सुई वाकली की नॉटरच्या सगळ्या सेटिंगचं गणित परत मांडावं लागतं. म्हणून बीम चेंबरच्या बाजूने न्या आणि सुयांच्या जागेपाशी मोकळी जागा सोडा.

ही खात्री नुसत्या अंदाजाने करायची नसते. ट्रॅक्टर बंद, पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद बेलरला देणारा फिरता दांडा) काढलेला. नॉटरचा ट्रिप, म्हणजे गाठ सुरू करणारा खटका, हाताने सोडा. मग फ्लायव्हील हाताने, चालायच्या दिशेने, सावकाश फिरवा. एक माणूस बाजूला बसून सुयांवर नजर ठेवेल, पण हात चेंबरमध्ये घालणार नाही. सुया खालून निघतात, प्लंजरच्या खाचेतून वर जातात, नॉटरपाशी थांबतात, परत उतरतात. पूर्ण फेरी झाली पाहिजे. सुयांचा जू बीमपासून दोन बोटं लांबून जात असेल तर ते पुरेसं नाही. शेतात मशीन हलतं, बीमही हलतो. चार बोटं ठेवा.

बीमचं पुढचं टोक एक्सलला यू-बोल्टने धरा. एक्सलवर वेल्ड मारू नका. एक्सल दिवसभर वाकत-सरळ होत असतो आणि वेल्डची कड ही चीर सुरू व्हायला सगळ्यांत सोयीची जागा. 12 मिमीची प्लेट, दोन यू-बोल्ट, नायलॉक नट. काही छोट्या बेलरना एका चाकापासून दुसऱ्यापर्यंत सलग एक्सल नसतो, डावं चाक चेंबरजवळच्या ब्रॅकेटवर आणि उजवं पिकअपच्या (जमिनीवरचं काड उचलणाऱ्या भागाच्या) पलीकडे फ्रेमवर असतं. तिथे चाकाच्या ब्रॅकेटला धरू नका, ते ब्रॅकेट ज्या आडव्या फ्रेमवर बसलंय तिला धरा.

एकटा बीम सरळ ओढीला चालतो, वळणात बाजूला झुकतो. म्हणून हिचपासून फ्रेमच्या उजव्या बाजूला दुसरा तिरका पाईप द्या, 50 × 50 चा चालेल. वरून बघितलं तर दोघांचा त्रिकोण दिसला पाहिजे.

आता बीमचं मागचं टोक हवेत लोंबतंय, त्याला आधार चेंबरचाच द्यावा लागतो. द्या, पण फक्त वजनापुरता. चेंबरच्या पक्क्या अँगलला, हलणाऱ्या पट्ट्यांच्या पुढे, एक खाली लोंबणारी पट्टी बोल्टने लावा. तिला बोल्टचं भोक गोल न ठेवता मशीनच्या लांबीच्या दिशेने लांबट करा आणि मध्ये जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचा रबर घाला. बीम पुढे-मागे दोन-तीन मिलिमीटर सरकला तरी चेंबरला ओढ लागत नाही. साऱ्या जोडकामात हीच एक गोष्ट मी फॅब्रिकेटरला दोनदा सांगतो, कारण तो सवयीने तिथे चार टाके मारून मोकळा होतो आणि मग आपण परत जिथे होतो तिथेच.

हुकाच्या जागी एकच आडवी प्लेट आणि त्यात पिन, असं करू नका. पिन एका बाजूला झुकते आणि वाकते. वर एक, खाली एक अशा 12 च्या दोन प्लेटा, मध्ये ट्रॉलीची कडी, आणि आरपार पिन. पिन सळईची नको. टीएमटी सळईच्या धारांनी भोक खरवडलं जातं. इएन-8 पोलादाचा 25 किंवा 28 मिमीचा राउंड बार घ्या, वर डोकं वेल्ड न करता बार वाकवून घ्या किंवा लेथवर कॉलर काढा, खाली लिंच पिन. कडीच्या भोकात थोडा खेळ हवाच, नाहीतर बांध ओलांडताना कडी अडकते. पण 25 च्या पिनला 45 चं भोक असेल तर प्लंजरच्या प्रत्येक ठोक्याला तिथे हातोडा बसतो. चार-पाच मिलिमीटरचा खेळ पुरे.

बोल्ट 8.8 ग्रेडचे, एम-16. डोक्यावर 8.8 कोरलेलं असतं, नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, घेऊ नका. एम-16 ला साधारण 200 न्यूटन-मीटर लागतात. टॉर्क पाना नसेल तर अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला चाळीस किलोचा जोर, असा अंदाज धरा.

वेल्डिंगबद्दल दोन शब्द. डीसी इन्व्हर्टर मशीन असेल तर 7018 रॉड वापरा, पण कोरडा. पुडा फोडून महिनाभर कोपऱ्यात पडलेला 7018 हा 7018 राहत नाही. साधा एसी ट्रान्सफॉर्मर असेल तर 7018 च्या नादी न लागता 6013 घ्या, कडा तासून तिरक्या करा, दोन-तीन थर मारा आणि प्रत्येक थरानंतर स्लॅग झाडा. बेलरवर काही वेल्ड करायचंच असेल तर अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा. चिमटा पुढच्या दांड्याला आणि वेल्ड मागे, असं केलं तर करंट बेअरिंगांमधून जातो आणि बेअरिंग पुढच्या हंगामात ओरडायला लागतं. ट्रॅक्टर जोडलेला नको. चेंबरमधलं काड, नॉटरवरची धूळ हवेने झाडून काढा, पाण्याचा पिंप आणि एक माणूस शेजारी. गव्हांडा ठिणगीची वाटच बघत असतो. आणि मशीन वॉरंटीत असेल तर वेल्ड नकोच, सगळं क्लॅम्प आणि बोल्टवर करा.

पत्रा आधीच फाटला असेल तर चीर जिथे संपते तिथे 6 मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे धावत नाही. मग चीर ग्राइंडरने व्ही आकारात उघडून भरा, तासून सपाट करा आणि वर पत्त्यातल्या चौकटच्या, पतंगासारख्या आकाराची पट्टी द्या. चौकोनी ठिगळाची सरळ कड नवी चीर काढते.

मागचं नीट केलं, आता पुढे तुटतंय

ही पुढची तक्रार. ट्रॉलीची ओढ शेवटी बेलरच्या पुढच्या दांड्यातून ट्रॅक्टरवर जाते, तेव्हा तिथलं दुबळेपण आता उघडं पडतं.

बाजूला पिकअप असलेला बेलर कामाच्या वेळी ट्रॅक्टरच्या उजवीकडे सरकवलेला असतो. ट्रॉली चेंबरमागे, म्हणजे ट्रॅक्टरच्या मध्यरेषेच्या उजवीकडे. मागची ओढ बेलरचं शेपूट डावीकडे खेचते आणि तो सगळा जोर दांडा कामाच्या पोझिशनमध्ये अडकवणाऱ्या पिनवर येतो. त्या पिनचं भोक अंडाकृती झालं असेल तर पिन बदलून उपयोग नाही, भोकात बुश बसवा. पिकअप ओळीवरून सारखा डावीकडे सरकतोय असं वाटलं तर ट्रॉलीतलं वजन कमी करा.

ट्रॅक्टरच्या बाजूला बघायचं ते असं. बरेच जण बेलर ट्रॉलीच्या हुकाला किंवा खालच्या लिंकांमधल्या भोकांच्या पट्टीला अडकवतात. पट्टी हायड्रॉलिकबरोबर वर-खाली होते, हुक पीटीओच्या फार जवळ असतो. 540 आरपीएमच्या पीटीओला शाफ्टच्या टोकापासून ड्रॉबारच्या भोकापर्यंत आडवं अंतर 14 इंच, म्हणजे 356 मिमी, आणि भोक पीटीओच्या बरोबर खाली, हे ठरलेलं माप आहे. अंतर कमी पडलं तर वळताना शाफ्टच्या दोन्ही नळ्या एकमेकींत पूर्ण शिरून ठोकतात, आणि तो ठोसा एका बाजूला ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगला आणि दुसऱ्या बाजूला बेलरच्या गिअरबॉक्सला बसतो. हे ओळखायला आतल्या नळीवर खडूने रेघ मारा, ट्रॅक्टर सावकाश पूर्ण वळवा, उतरून बघा. रेघ नाहीशी होऊन नळी टोकापर्यंत गेली असेल तर शाफ्ट लांब आहे. उलट सरळ चालताना नळ्या निदान एक तृतीयांश एकमेकींत असल्या पाहिजेत. मागे ट्रॉली असताना बांधाच्या टोकाला पीटीओ बंद करूनच वळा. शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस वाचतो.

ट्रॉली अर्धी भरल्यावर गाठी सुटायला लागल्या आणि ट्रॉली सोडल्यावर तेवढ्या सुटत नसल्या, तर इंजिनाचा आवाज ऐका. काळ्या मोकळ्या जमिनीत 45 एचपीचा ट्रॅक्टर बेलर चालवत भरली ट्रॉली ओढताना दमतो आणि पीटीओचे फेरे खाली येतात. तिथे हिचचा काही संबंध नाही. गठ्ठे कमी भरा किंवा खालचा गिअर घ्या.

उताराला हा सांगाडा नेऊ नका. ट्रॉलीला ब्रेक नाही, बेलर साधारण दीड टनाचा, भरली ट्रॉली त्याहून जड. मागून ढकलत आली तर बेलर मधून मोडल्यासारखा आडवा होतो. हिचच्या दोन्ही बाजूंनी 10 मिमीची साखळी खालून फुलीसारखी अडकवा. डांबरी रस्त्यावर जाताना ट्रॉली सोडून वेगळी न्या. पीटीओ चालू असताना बेलर आणि ट्रॉलीच्या मध्ये कोणीही उतरणार नाही, आणि गठ्ठे रचणाऱ्याच्या गळ्यात गमछा नको.

पहिल्या दिवशी दोन तास चालवून थांबा आणि सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नवा रंग, गंज, वेल्डची खपली दबते आणि बोल्ट सैल पडतात. आवळल्यावर नट आणि प्लेट यांच्यावरून पिवळ्या ऑइलपेंटची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय, पाना लावून बघायची गरज नाही. वेल्डच्या कडाही याच वेळी पुसून बघा. चीर दिसण्याआधी तिथे गंजाची बारीक तांबडी रेघ उमटते.

गोल गठ्ठ्याच्या बेलरला हे सगळं लावता येईल का, असंही विचारतात. नाही. त्याचं मागचं दारच उघडून गठ्ठा बाहेर पडतो, तिथे ट्रॉली उभी राहिली तर गठ्ठा पडणार कुठे? त्यासाठी गठ्ठे उचलायचा वेगळा काटा ट्रॅक्टरच्या लोडरला किंवा मागच्या थ्री-पॉइंटला लावा.